वळूंचा पंधरवडा

ग्रे पोर्टेजमधल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, हार्मनशी आपलं वैर का, तो छाती पुढे काढून सांगेल. एक म्हणेल, त्यांनी आपला गोलरक्षक पळवला. दुसरा म्हणेल, त्यांच्या रेफरीने आपला ढळढळीत झालेला गोल खाल्ला. म्हातारे तर त्याही मागे जातात आणि रेल्वे कुणाच्या गावावरून गेली नि कुणाच्या नाही, इथपर्यंत पोचतात. सगळ्या लोणकढी थापा. खरं कारण वळू.

हार्मन हे दक्षिणेचं गाव, सपाट जमिनीचं, गव्हाचं आणि गुरांचं. ग्रे पोर्टेज उत्तरेला, खडक, तळी आणि लाकडाच्या गिरणीचं. मध्ये बसने अख्ख्या दिवसाचा रस्ता. इतक्या लांबच्या माणसांचा राग करायला सवड कुणाला असते? पण हार्मनच्या हॉकीच्या रिंकमध्ये दर फेब्रुवारीत वळूंचा लिलाव भरायचा. आधी बर्फ वितळवायचं, मग माती पसरायची, पेंढा टाकायचा, वळू विकायचे, आणि सगळं उपसून पुन्हा पाणी गोठवायचं. यात पंधरवडा जायचा. तेवढे दिवस हार्मनचा संघ बेघर. लीगचं वेळापत्रक करणाऱ्या माणसाने बाकीची गावं चाचपून पाहिली. कुठे बर्फावरच्या नाचाचे कार्यक्रम, कुठे कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या, स्पर्धा. रिकामं रिंक एकच सापडलं, ग्रे पोर्टेजचं, कारण फेब्रुवारीत तिथे कुणी मरायलाही जात नाही. दरवर्षी त्याने हार्मनचे पाच सामने तिथेच, ग्रे पोर्टेजशीच, ठोकून दिले, एकामागून एक.

बाकीचे संघ एक संध्याकाळ येत, खेळत आणि जात. त्यांच्यावरचा राग त्यांची बस वळणाआड होईपर्यंत टिकायचा. हार्मनवाल्यांची गोष्ट वेगळी. पहिल्या सामन्यातला धक्का दुसऱ्यात फेडायचा, दुसऱ्यातली शिवी तिसऱ्यात. पाचव्यापर्यंत दोन्हीकडच्या भल्या माणसांचे सैतान झालेले असत.

आणि यात भर म्हणजे मुक्काम. गावातलं एकुलतं मोटेल थंडीभर खाणीसाठी जमीन पोखरणाऱ्या कामगारांनी भरलेलं. तेव्हा हार्मनचे खेळाडू उतरणार कुठे? गावातल्या घरांत! दुपारी ज्याच्या पानात आग्रहाने वाढायचं, संध्याकाळी त्याच्याच नावाने शंख करायचा, अशी ग्रे पोर्टेजची रीत पडून गेली. बाहेरच्यांना ती वेड्यासारखी वाटते. गावाला तिच्यात काही वावगं दिसत नाही.

स्टेफा वासिलिक आणि तिचा नवरा मेट्रो यांच्याकडे कॉर्नी पेनर उतरायचा. कॉर्नी म्हणजे हार्मनचा सर्वांत दांडगा बचावपटू, ताडमाड, आणि ग्रे पोर्टेजमध्ये सर्वांत जास्त शिव्या खाणारा. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. आता कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं होतं. स्टेफा रिंकमध्ये पातेल्याचं झाकण आणि लाकडी पळी घेऊन बसायची. कॉर्नीपाशी खेळाची चकती आली की झाकण बडवून ओरडायची, "कॉर्नी, घरी जा! गायी हंबरतायत तुझ्या नावाने!" आणि सामना संपल्यावर घरी येऊन त्याच्यासाठी पेरोगी उकळायला टाकायची, बटाट्याचं सारण भरलेले, वर परतलेला कांदा आणि साय.

कॉर्नी निजायचा तो त्यांच्या मुलाच्या खोलीत. मुलगा कधीच कॅल्गरीला निघून गेला होता, पण मेट्रोने त्याच्यासाठी केलेला लाकडी पलंग तिथेच होता. कॉर्नीला तो आखूड पडायचा. खेळाडू सामन्याच्या दुपारी झोप काढतात. कॉर्नी आडवा झाला की थोड्या वेळाने त्या खोलीतून 'ठक' असा आवाज यायचा. टाच पायथ्याच्या फळीवर आपटायची.

"मेट्रोकाका, एवढे सुतार तुम्ही. हातभर फळी नाही का जोडवत?" कॉर्नी दरवर्षी विचारायचा.

"शत्रूच्या घरी अंथरूण पाहून पाय पसरावेत," मेट्रो म्हणायचा. "तुला नीट झोप लागली तर आमच्या गोलात चकत्या कोण मोजणार? तुझा बाप?"

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. काही बिनसलं तर कुणी त्याचा फार विचार करायचं नाही. पुढचा फेब्रुवारी ठरलेलाच असायचा. भांडण तिथून पुढे चालू करता यायचं, किंवा मिटवताही यायचं.

मागच्या फेब्रुवारीत मात्र फार बिनसलं. पाचव्या सामन्यात कॉर्नीने ग्रे पोर्टेजच्या लायल नावाच्या पोराला कठड्यावर असा धडकवला की त्याचं गळ्याखालचं हाड मोडलं. लायल मेट्रोचा लाडका, शेजारच्या घरात वाढलेला. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मेट्रोने कॉर्नीच्या पुढ्यातली लापशीची वाटी उचलली आणि कुत्र्यापुढे ठेवली. कॉर्नी उठला, पिशवी खांद्याला लावली आणि उपाशीच बसमध्ये जाऊन बसला. स्टेफाला त्या वेळी दोघांचेही कान उपटावेसे वाटले होते.

मार्चमध्ये लायल हात गळ्यात बांधून त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, माझी मान खाली होती. मी बघितलंच नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं." मेट्रो हूं म्हणाला. दुपारभर खिडकीबाहेर बघत बसला. दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या खोलीतून करवतीचा आवाज यायला लागला. पलंग पुरा झाला तेव्हा स्टेफा दारात उभी राहून बघत होती. चांगला हातभर लांब झाला होता. जोड कुठे आहे ते हात फिरवूनही कळत नव्हतं.

"त्याला फोन कर ना," ती म्हणाली.

"फोनवर काय बोलू? पलंग केलाय म्हणू? फेब्रुवारीत येईलच की, तेव्हा बघेल."

एप्रिलमध्ये होडी पाण्यात ढकलताना मेट्रो छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही.

कॉर्नीचं कार्ड आलं. त्यात एवढंच होतं: मेट्रोकाका माझ्यावर रागावूनच गेले. मला माफ करा काकू.

स्टेफाने उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फाडलं. मेट्रो रागावला नव्हता, असं लिहिणं सोपं होतं. पण मेलेल्या माणसाच्या वतीने बायका असंच लिहितात, हे कुणाला ठाऊक नाही? कॉर्नीने ते वाचून मान डोलावली असती आणि मनात म्हटलं असतं, काकू बिचारी चांगली आहे. नाही, त्याला त्या पलंगावर आडवंच व्हायला हवं होतं. तिने मनाशी म्हटलं, फेब्रुवारी काही पळून जात नाही.

तर जूनमध्ये तोच पळाला.

पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकाचा कच्चा आराखडा वर्तमानपत्रात आला. हार्मनने गुरांसाठी नवा हॉल बांधला होता, गरम हवेचा, पक्क्या जमिनीचा. लिलाव आता तिथे. रिंक मोकळं. लीगने सगळ्या संघांचे सामने सारखे वाटून टाकले होते. हार्मनवाले ग्रे पोर्टेजला येणार फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा सामना संपला की बस माघारी. कुणाच्या घरी उतरायचं नाही, दुपारची झोप नाही, काही नाही. फेब्रुवारीच्या रकान्यात दुसऱ्याच कुठल्या गावाचं नाव होतं, ज्याच्याशी ग्रे पोर्टेजला धड भांडताही येत नव्हतं.

स्टेफाने विनिपेगला, लीगच्या कचेरीत, वेळापत्रक करणाऱ्या ऑल्सेन नावाच्या माणसाला फोन लावला.

"बाई, मी कुणाचं वैर जुळवत नाही नि मोडत नाही," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "मला गावं सांगतात, अमुक दिवस रिंक मोकळं, अमुक दिवस नाही. मी रकाने भरतो. हार्मनचं रिंक मोकळं आहे, तर त्यांना घरी खेळू नको कसं म्हणू?"

"आणि मोकळं नसलं तर?"

"मग मी काय करणार? पुन्हा तुमच्याच गळ्यात."

"पक्कं कधी करताय?"

"महिनाअखेरीला."

फोन ठेवून स्टेफाने शेजारच्या वर्ना मॅकेला हाक मारली. वर्ना तिची बालपणापासूनची मैत्रीण, आणि रिंकमध्येही तिच्या शेजारीच बसणारी. "कुत्र्याला दोन दिवस सांभाळ. मी हार्मनला चालले."

वर्नाने कपाळाला हात लावला. "हार्मनला? तू? अगं, तुला ओळखलं तर वळूंपुढे टाकतील!"

"टाकू देत. वळूंशीच बोलायचं आहे मला."

मेट्रोचा जुना ट्रक घेऊन ती निघाली. उजाडताना खडक होते, दुपार कलली तेव्हा सगळीकडे गहू. इतकं सपाट की नजरेला टेकायला जागा नाही. लिलाव चालवणाऱ्या गुरेवाल्यांचं उन्हाळ्यातलं जेवण त्या दिवशी नव्या हॉलच्या अंगणात होतं. लांब टेबलं मांडलेली, मांस भाजण्याचा धूर, डास. त्यांचा म्होरक्या एब क्लासेन, रुंद, लाल मानेचा, हातात चिमटा घेऊन शेगडीशी उभा होता.

"मी ग्रे पोर्टेजहून आले," स्टेफा म्हणाली.

"रस्ता चुकलात?" एब म्हणाला. आजूबाजूचे हसले.

"नाही. तुमच्याकडे मागणं आहे. लिलाव पुन्हा रिंकमध्ये भरवा."

आता कुणी हसेना. एबने चिमटा खाली ठेवला. "अहो बाई, सात पिढ्यांची पुण्याई म्हणून हा हॉल उभा राहिला. आत ऊब आहे. जनावर घसरत नाही. मातीची खेप वाहायला लागत नाही. आणि तुम्ही म्हणता, परत त्या चिखलात जा? का? तुमच्या संघाला आमची पोरं झोडपायला मिळावीत म्हणून?"

"तेही आहेच," स्टेफा म्हणाली.

मागच्या टेबलावरून एक म्हातारी पुढे झाली. बारीक, पांढरा रुमाल बांधलेली, टीना तिचं नाव. ती स्टेफाकडे डोळे बारीक करून बघत होती. "हिचा आवाज मी ऐकलाय. बाई, जरा ओरडा बघू."

"काय ओरडू?"

"ते तुम्हाला माहीत. हे घ्या." तिने कोशिंबिरीच्या भांड्यावरचं पत्र्याचं झाकण आणि एक चमचा पुढे केला.

स्टेफाला क्षणभर लाज वाटली. मग म्हटलं, एवढा रस्ता काय लाजायला तुडवला? तिने झाकणावर चमचा हाणला आणि छाती भरून ओरडली, "कॉर्नी, घरी जा! गायी हंबरतायत तुझ्या नावाने!"

अंगणात एकच गिल्ला झाला. माणसं बाकांवर उभी राहिली. "झाकणवाली! अरे, ही झाकणवाली!" एकाने तिच्यावर पावाचा तुकडा फेकला, दुसऱ्याने खुर्ची पुढे केली. हार्मनच्या स्वयंपाकघरांत त्या पंधरवड्यात रोज रेडिओवर सामना लागायचा, आणि समालोचकाच्या मागून ते झाकण आणि तो आवाज घरोघर पोचलेला होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"इतकी वर्षं मी तुम्हाला शिव्या देत बटाटे सोललेत," टीना तिचा हात धरून म्हणाली. "बसा."

स्टेफा बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. लापशीची वाटी, कुत्रा, लायलची मान, करवत, एप्रिल. अनोळखी माणसांपुढे आवाज कापू नये म्हणून तिने झाकण घट्ट धरून ठेवलं होतं. "तो पोरगा समजतो, माझा नवरा त्याच्यावर डूख धरून मेला. तसं नाही. पण ते मी बोलून उपयोग नाही, पलंगाने बोलायला हवं."

"कॉर्नी सध्या पश्चिमेला आहे, गवत कापणीवर," एब खाकरून म्हणाला. "आला की आम्ही त्याला सांगतो ना, जाऊन ये म्हणून. त्यासाठी वळू कशाला हलवायचे?"

"तुम्ही त्याला ओळखता. असा नुसता येईल?"

सगळ्यांनाच ठाऊक होतं. जिच्या नवऱ्याला आपण दुखावलं असं वाटतं, त्या बाईच्या दारात असा माणूस पाहुणा म्हणून जन्मात जाणार नाही. सामना असला, बसने नेऊन सोडलं, तर जाईल.

"हॉल एक वर्ष थांबला तर पडणार आहे का?" टीना म्हणाली. "आणि ते पाच सामने गेले तर फेब्रुवारीत मी संध्याकाळी करू काय? या म्हाताऱ्याशी बोलू?" तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने घाईघाईने सर्वांत आधी हात वर केला. हसता हसता बाकीचेही हात वर गेले. काही गेले नाहीत. नव्या हॉलसाठी ज्यांनी घाम गाळला होता ते खाली मान घालून जेवत राहिले. पण पुरेसे गेले.

"एक वर्ष," एब म्हणाला. "पुढचं पुढे बघू. आणि माती वाहायला तुमच्या गावाची पोरं पाठवा."

"पाठवते," स्टेफा म्हणाली. कुणाला न विचारताच.

महिनाअखेरीला पक्कं वेळापत्रक आलं. फेब्रुवारीत ग्रे पोर्टेज विरुद्ध हार्मन, पाच वेळा, एकाखाली एक. वर्नाने ते पान दुकानाच्या काचेवर लावलं. लायलने माती वाहायला पोरं गोळा केली. लिलावाच्या तोंडावर ती हार्मनला जाऊन चिखल तुडवून आली आणि तिथल्या पोरांशी दोन मारामाऱ्याही करून आली, म्हणजे सगळं ठीक होतं.

फेब्रुवारीत हार्मनची बस रात्रभर धावून रिंकपुढे थांबली. ज्याचा त्याचा खेळाडू ज्याच्या त्याच्या घरी गेला. कॉर्नी सर्वांत शेवटी आला. पायरीवर पिशवी घेऊन उभा राहिला, आत येईना. बर्फ त्याच्या टोपीवर साठत होतं.

"काकू, मी म्हटलं... मोटेलमध्ये कुठे कोपरा मिळाला तर..."

"मोटेल भरलंय. बूट काढ, लादी ओली करू नकोस."

तो जेवायला बसला. मेट्रोच्या खुर्चीकडे बघायचं टाळत होता. कुत्रा त्याच्या पायाशी येऊन बसला तेव्हा त्याने एक पेरोगी स्वतः खाली टाकली आणि ओशाळं हसला. स्टेफा पलंगाबद्दल अवाक्षर बोलली नाही. पानं उचलून म्हणाली, "जा, झोप जा. संध्याकाळी शिव्या खायला ताकद लागेल."

खोलीचं दार लागलं. स्टेफा ओट्याशी बटाटे सोलत बसली आणि कान तिकडे लावून राहिली. पलंग करकरला. तो सवयीने गुडघे पोटाशी घेऊन आडवा झाला असणार. मग बराच वेळ काही नाही. मग झोपेत कूस वळल्याचा आवाज. आता पाय लांब होतील. तिने सुरी खाली ठेवली.

ठक झालं नाही.

काही वेळाने दार उघडलं. कॉर्नी मोज्यांवरच उभा होता, केस विस्कटलेले. "काकू, हा पलंग दुसरा आहे?"

"तोच आहे."

"तो नाही. माझे पाय..." "कुणी केला?"

"इथे सुतार किती होते?"

"कधी?"

"मार्चात. तू गेल्यावर. लायल येऊन सांगून गेला, चूक त्याची होती म्हणून."

कॉर्नी जिथे होता तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे हनुवटीला लागले. "मग मला बोलले का नाहीत?"

"फेब्रुवारी येणार होता ना, बाळा."

तो रडला. स्टेफाही रडली, आणि कुत्रा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग तिने बटाट्याच्या ओल्या हातांनीच डोळे पुसले आणि म्हणाली, "अजून तासभर आहे. जा, पाय पसरून झोप."

संध्याकाळी रिंक खच्चून भरलं होतं. मेट्रोच्या जागेवर वर्ना न विचारता सरकून बसली होती, आणि स्टेफाला ते बरं वाटलं. कॉर्नी बर्फावर उतरला तसं तिने झाकण बडवायला घेतलं. तिचा आवाज आज असा लागला होता की हार्मनमध्ये टीनाला रेडिओ लावायची गरज नव्हती.

पण कॉर्नी काही ऐकेना. पोरासारखा पळत होता. बचावपटू असून पुढे घुसत होता. पहिला गोल त्याने लांबून मारला, दुसरा गावाच्या तीन पोरांना चकवून. उभ्या हयातीत त्याने ग्रे पोर्टेजवर एका सामन्यात दोन गोल केले नव्हते. दुसऱ्यानंतर तो स्टेफाच्या समोर आला, काचेपाशी थांबला आणि मेट्रोच्या जागेकडे बघून काठी दोनदा बर्फावर आपटली. ठक, ठक.

हळूहळू गावाच्या माना स्टेफाकडे वळल्या. वर्नाने बातमी फोडलीच असणार.

"स्टेफा!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "त्याला झोप कुणी दिली?"

"उद्या जाऊन तो पलंग काप!"

"हातभर काप! नाहीतर आम्ही करवत घेऊन येतो!"

स्टेफा उठून उभी राहिली, वळली आणि झाकण ढालीसारखं पुढे धरलं.

"हात लावून बघा पलंगाला!" ती गरजली. "अजून चार सामने आहेत. तुम्ही नीट खेळा!"